शिंगावरची खाच

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरापुढच्या रस्त्यानं मेंढरं जायला लागतात. परभणीची ही बाजू आता सगळी कॉलनी झाली, पण रानाकडे जायची जुनी वाट हीच. रिक्षावाले हॉर्न वाजवतात, मेंढरं ऐकत नाहीत, आणि मागून काठी घेऊन येणारा धनगर दोघांचंही मनावर घेत नाही. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसते. माझा जन्म मेंढरांच्या घरातला, त्यामुळे नजर आपोआप एडक्याकडे जाते. एडका म्हणजे कळपातला नर. हल्ली त्याची शिंगं ऑइल पेंटनं रंगवतात. परवा एकाची तर चक्क पोपटी होती. मला हसू आलं आणि रागही आला. एवढा जाड रंग थापल्यावर शिंग वाचायचं कसं?

माझी नात मधुरा शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते आणि परीक्षा आली की मोठ्यानं वाचते, सगळ्या घराचीच परीक्षा असल्यासारखी. "शिंग वाचायचं म्हणजे काय गं आजी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी तुझं पुस्तक काय म्हणतंय ते सांग. पुस्तक म्हणत होतं की जनावरं एकमेकांना सतत काहीतरी सांगत असतात. मोर पिसाऱ्यानं सांगतो, बेडूक आवाजानं, कोंबडा तुऱ्यानं, एडका शिंगानं. माझ्यात दम किती, हे सांगतात. आता नुसत्या थापा मारायला कोणाचं काय जातं? पण ज्या माद्या थापांना भुलल्या त्यांची पिल्लं कमी जगली, आणि हजारो पिढ्या असं होत होत ज्या खुणा खोट्या करता येत नाहीत त्याच टिकल्या. खोट्या करता येत नाहीत, कारण त्या महाग असतात. आजारी कोंबड्याला तुरा लालभडक ठेवणं झेपत नाही. उपाशी एडक्याला जाड शिंग वाढवणं झेपत नाही. म्हणून एकातला आणि दुसऱ्यातला फरक बाहेरून कळतो.

"पटलं," मी म्हटलं. "फक्त तुझ्या पुस्तकात माणूस आणि बाटलीची काच आली नाही."

त्या काचेचं सांगायचं तर अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या दोन दिवाळ्या आधीची दिवाळी सांगावी लागते. घरात माझा एक फोटो कागदात गुंडाळून पडलाय. माझ्या पंचाहत्तरीसाठी काढला, आणि मी तो भिंतीला लावू देत नाही म्हणून माझा मुलगा माझ्यावर रुसलाय. त्याचंही कारण त्याच दिवाळीत आहे.

आमचं गाव पिंगळीच्या स्टेशनाच्या अलीकडे, गाडीची शिट्टी ऐकू येईल एवढ्या अंतरावर. राज्य निजामाचं. चावडीवर उर्दू, घरात मराठी, आणि बाजारात दोन्हींची खिचडी. घरात आम्ही तिघं: माय, मायचा भाऊ म्हणजे मामा, आणि मी. बाप नव्हता. त्या दिवाळीच्या तीन वर्षं आधी पाऊस दडी मारून बसला होता आणि पाठोपाठ देवीची साथ आली, तिच्यात बा गेला. त्या वर्षाला आमच्या घरात नाव नव्हतं. नुसतं 'ते साल' म्हणायचे, की सगळ्यांना कळायचं. मलाही देवी आल्या. मी वाचले, पण तोंडभर वण राहिले. अंथरुणातून उठले तेव्हा कळप अर्धा झाला होता आणि माय भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मग उरलेली मेंढरं घेऊन मीच रानात जायला लागले. मामा पालमहून आमच्याकडे राहायला आला तो त्याच्यानंतर.

ज्या दिवाळीचं सांगतेय तेव्हा मला अठरावं लागलं होतं, आणि आमच्यात तेव्हा ते फार झालं. दोन ठिकाणचे लोक येऊन गूळपाणी पिऊन, माझं तोंड बघून गेले होते आणि पुन्हा फिरकले नव्हते. आता पाडव्याला चारठाण्याहून गिरजाबाई नावाची बाई येणार होती, आपल्या मुलासाठी. तीही नको म्हणाली तर मायनं मला पालमकडच्या एका बिजवराला द्यायचं कबूल केलं होतं. तो माझ्या बापाच्या वयाचा होता. मी त्याला बाजारात एकदा पाहिलं होतं, आणि पाहिल्यापासून मला नीट जेवण जात नव्हतं. पाडवा जवळ येत होता आणि मी एकेक दिवस ढकलत होते.

आमच्यात रीत अशी की मुलगी बघायला आलेली माणसं आधी मेंढवाड्यात जातात आणि मग घरात येतात. कळप कसा राखलाय यावरून घर कळतं, असा हिशेब. शिवाय गिरजाबाईला एक एडकाही हवा होता, त्यांचा म्हातारा होऊन मेला होता. आमच्याकडे भुऱ्या होता. तसा भरदार एडका आसपासच्या गावांत नव्हता. एडका पसंत पडला की पोरगीही पसंत पडेल, असं मामाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मायला मात्र पाडव्याला येणारे पाहुणे आवडायचे नाहीत. "दिवाळीला समदीच जनावरं गुबगुबीत दिसतेत," ती म्हणायची. "चैत्रात या म्हणावं. मग कळंल कोण कसं हाय ते."

शिंग वाचायला मला तिनंच शिकवलं. दसऱ्याच्या सुमारास एकदा उन्हं वर यायच्या आत ती भुऱ्याला गुडघ्यात दाबून बसली आणि माझा अंगठा धरून त्याच्या शिंगावर ठेवला. शिंग बुडातून वाढतं, त्यामुळे सगळ्यात जुना भाग टोकाला असतो. टोकाकडून खाली यायचं. वर्षावर्षाच्या वळ्या लागतात. एका जागी माझा अंगठा खड्ड्यात गेल्यासारखा खाली गेला. तिथं शिंग चिमटल्यासारखं बारीक होतं.

"हे ते साल," माय म्हणाली. "तवा ह्यो नुसता पोर हुता. खायला काडी न्हवती. आता त्येच्या खाली बघ."

खाली शिंग पुन्हा फुगलं होतं, आधीपेक्षा जाड. त्याच्या बरोबरीचे कितीतरी एडके त्या उन्हाळ्यात मेले होते. हा जगला, आणि खायला मिळाल्यावर मागचं सगळं भरून काढून वर वाढला. मी तिला विचारलं, देशमुखाच्या एडक्याला एकही खाच नाही, मग तो चांगला का नाही? माय हसली. "त्येला घरात बांधून सरकी घातली. त्येच्या शिंगावर देशमुखाचं कोठार दिसतंय. एडका दिसत न्हाई."

पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा हे वाक्य मला पुष्कळ उपयोगी पडलं. परीक्षेचे गुण म्हणजे पोराची हुशारी, असं आपण धरून चालतो. सगळ्यांनी एकाच दुष्काळातून येऊन परीक्षा दिली असेल तर ते खरं. एकाला घरी कंदील आणि शिकवणी, दुसऱ्याला सकाळभर शेण आणि पाणी, आणि गुण मात्र एकाच फळ्यावर. मधुरा म्हणते तिच्या पुस्तकातही असंच काहीसं आहे, सगळ्यांवर सारखा ताण आला की खुणेतला फरक उघडा पडतो. मला बरं वाटलं.

जनावरांना मात्र हे कोणी सांगावं लागत नाही. दोन एडके समोरासमोर आले की लोक टक्कर बघायला गोळा होतात, पण खरं बघायचं असतं ते टकरीच्या आधी. दोघं शेजारी शेजारी चालतात. मान वाकडी करून शिंग दाखवतात, एकमेकांचा वास घेतात, नाकातून आवाज काढतात. पुष्कळदा एवढ्यावरच एक जण मान खाली घालून चरायला लागतो, जणू त्याला पहिल्यापासून गवतच खायचं होतं. दोघं तोडीस तोड असले तरच डोकी आपटतात. बांधावरचे तित्तरही तसेच. पहाटे एकानं आवाज दिला की दुसरा उत्तर देतो, मग पहिला वरच्या पट्टीत जातो, आणि एक जण दमून गप्प बसतो. त्यांचं भांडण झुडपाआडच मिटतं, पीसही गळत नाही. मला त्या दिवसांत त्यांचा हेवा वाटायचा. त्यांना कोणाला गूळपाणी द्यावं लागत नाही.

पाडव्याला आमच्याकडे मेंढरं धुतात, एडक्याला सजवतात. शिंगाचं टोक बाटलीच्या काचेनं साळून गुळगुळीत करायचं, करडईच्या तेलात काजळी खलून चोळायची आणि कपाळाला भंडारा लावायचा. साळायचं ते फक्त टोक. खालच्या वळ्यांना कोणी काच लावत नाही. ते सांगावंही लागत नाही, लहान पोरांनाही माहीत असतं. त्या सकाळी माय ओढ्यावर मेंढरं धूत होती. मी वाड्यात आले तर मामा भुऱ्याला खुंट्याला आवळून बांधून काच चालवत होता. खाली पांढरा भुसा पडला होता. टोकापासून बुडापर्यंत सगळं शिंग त्यानं एकसारखं केलं होतं, आणि आता दुसऱ्याकडे वळला होता.

"मामा, काय करायलाव?"

"खाच काढायलोय. चारठाण्याचे लोक हायत, चिकित्सक. बाजारात समद्यायला बेऐब माल लागतोय. पोरी, तुझ्यासाठीच करायलोय मी हे."

मामा वाईट माणूस नव्हता. तो बाजारात बैलांचे सौदे लावून द्यायचा, आणि तिथं ऐब म्हणजे खोट, खोट म्हणजे भाव पडला, एवढंच त्याला ठाऊक होतं. माय ओढ्यावरून आली, शिंगावर अंगठा फिरवला आणि खालचा भुसा मुठीत घेतला. "आरं, ह्येच्यापाशी दाखवायला तेवढंच हुतं," ती म्हणाली. मामाला ते कळलं नाही. त्यानं वरून तेल आणि काजळी चोळली, आणि शिंगं अशी चमकायला लागली की गल्लीतली बायामाणसं बघायला आली.

दुपारी मायनं मला आत बोलावलं. हळद दुधात घट्ट कालवली होती. ती माझ्या गालांवर, कपाळावर, नाकावर थर देऊन थापायला लागली. एक थर वाळला की दुसरा. मग म्हणाली, पाहुणे आले की तू मागच्या कोपऱ्यात बस, दाराच्या उजेडात येऊ नको. मी तिचा हात धरला.

"मामानं शिंग घासलं तर तुला वाईट वाटलं. आन् तू मला काय करायलीस?"

तिचा हात तसाच थांबला. मग ती पुन्हा थापायला लागली. "एडक्याला सासू नसती," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला. आज येत नाही. तिला खुणांचं सगळं कळत होतं, पण बघणाऱ्याला कळेल याची तिला खातरी नव्हती, आणि डाव तिच्या पोटच्या पोरीचा होता. पण त्या दिवशी राग आला तो आला.

गिरजाबाई बैलगाडीनं आली. उंच, काळी, कपाळावर आडवा भंडारा, आणि चालणं असं की वाटेतली माणसं आपोआप बाजूला व्हावीत. घरचा सगळा कारभार तिच्याच हातात होता. मुलगा मारोती गाडीपाशीच थांबला. ती थेट मेंढवाड्यात गेली. मी आतल्या कोपऱ्यात हळदीचं तोंड घेऊन बसले होते, पण मधली भिंत कुडाची होती, सगळं ऐकू येत होतं आणि फटीतून दिसतही होतं. तिनं मेंढ्या बघितल्या, कोकरांच्या पोटाला हात लावला, हूं म्हणाली. मग भुऱ्यापाशी आली. मामा छाती काढून उभा होता. तिनं शिंगावर अंगठा ठेवला, टोकाकडून खाली आणला, पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला.

"वळ्या कुठं हायत?"

"सणाचं जरा साळलंय, बाई."

"टोक साळतेत. बुडापर्यंत कोण साळतंय? काय झाकलंव ह्येचं?"

"झाकायचं काय? बेऐब हाय एडका."

"बेऐब एडका मी आजवर बघितला न्हाई," गिरजाबाई म्हणाली. "ऐब कुठं हाय तेवढं कळलं म्हंजे मला पुरतंय."

माय मध्ये पडली. तिनं सगळं सांगून टाकलं, ते साल, ती खाच, खाचेखालचं जाड शिंग. गिरजाबाईनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "असंल. न्हाई म्हणत न्हाई मी. त्या साली आमचा वाडा रिकामा झाला. त्यातून निघालेला एडकाच मला पाहिजे हुता. पण तुमी सांगताव म्हणून कशी मानू? सांगायला तर समदेच सांगतेत. शिंगानं सांगितलं असतं तर मानलं असतं, त्येची जीभ तुमी कापली." मग ती वाड्याबाहेर आली आणि मुलाला म्हणाली, "मारोती, बैल जुंप. जिथं एडक्याचं शिंग घासतेत तिथली पोरगी काय बघायची?"

माय तिथल्या तिथं उभी राहिली. मामानं पागोटं काढून हातात घेतलं. मला पालमचा तो माणूस डोळ्यांपुढे दिसला, बाजारात शेंगा खात उभा असलेला. मी उठले. मागच्या दारानं वाड्यात गेले. मेंढरांच्या पाण्याची दगडी डोणी होती, तिच्यात दोन्ही हात घालून तोंड धुतलं. हळद लवकर निघेना, तेव्हा पदरानं खसाखसा पुसलं. मग ओल्या तोंडानं, गळ्यावर पिवळे ओघळ घेऊन गाडीपुढे उन्हात जाऊन उभी राहिले. मारोती मला पुढे सांगायचा की त्याला हसू आवरेना, म्हणून त्यानं बैलाच्या आड तोंड लपवलं.

"मावशी," मी म्हणाले, "आता हे बघून जावा."

माय पुढे आली, तिला गिरजाबाईनं हातानं थांबवलं. ती माझ्यापुढे आली. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि अंगठा माझ्या गालावर ठेवला. शिंगावर फिरवला तसाच, वरून खाली, सावकाश. अंगठा खरखरीत होता.

"कवाच्या?"

"त्याच सालच्या."

"घरातलं कोण गेलं?"

"बा."

"मग तवा मेंढरं कोण राखली?"

"मी."

ती वळून वाड्याकडे बघत राहिली. आमच्या मेंढ्या तिनं आत्ताच हात लावून बघितल्या होत्या, त्यांची कोकरंही बघितली होती. मारोतीनं एक बैल जुंपला होता, दुसऱ्याचा कासरा त्याच्या हातात होता. गिरजाबाई मायला म्हणाली, "एडका राहू द्या तुमाला. पोरगी देताव का?"

लग्न माघात झालं. हळदीच्या दिवशी सगळ्या बायकांनी मला पिवळीधमक केली, पण मायनं माझ्या गालाला फक्त एक बोट लावलं आणि हात मागे घेतला. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघून रडायला लागली, आणि माझा उरलासुरला राग तिथंच संपला. पुढे राज्य बदललं, चारठाण्याला शाळा मोठी झाली, बाई शिकवायला मिळेनात. पिंगळीच्या स्टेशन मास्तरांच्या बायकोनं मला चौथीपर्यंत शिकवलेलं होतं. तेवढ्यावर सासूनं मला शाळेत पाठवलं आणि घरची मेंढरं स्वतः राखली. तिनं मला जन्मात कधी सुंदर म्हटलं नाही. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. पण कोणी माझ्या तोंडावरून बोललं की ती म्हणायची, "निघालीय ती त्यातून," आणि विषय संपवायची.

भुऱ्या मायकडेच राहिला आणि पुष्कळ वर्षं जगला. माहेरी गेले की मी त्याच्या शिंगावर अंगठा फिरवून बघायची. बुडाशी नवनवीन वळ्या येत होत्या, चांगल्या जाड. घासलेला भाग मात्र घासलेलाच राहिला. ती खाच काही परत आली नाही. माय गेली, मामा गेला, ज्यांनी ते साल बघितलं ती माणसं एकेक करून संपली.

तर हा फोटो. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर माझं तोंड साफ करून दिलंय. गाल कसे, धुतलेल्या ताटासारखे. वण एकही नाही. मुलगा म्हणाला, त्यानं प्रेमानं केलंय, वेगळे पैसेही घेतले नाहीत. मधुरा म्हणाली, आजी, किती छान दिसतेस. मी अंगठा फिरवला त्या कागदावर.

आज सकाळी मुलगा पुन्हा विचारायला आला की फोटोचं काय करायचं, चौकट आणून ठेवलीय. मी म्हटलं, परत नेऊन दे. तो वैतागला. "पण त्याला सांगू काय, आई?"

"त्याला म्हणावं," मी म्हटलं, "ते साल होतं तिथं परत लावून दे."